पोट्ट्याचं नाव 'केंजी' ठेवायचंय? मग आधी त्याचा अर्थ नीट काढून घ्या

नागपुरात जपानी नावं काही नवीन नाहीत. इंदोऱ्याच्या विहारातले भंते सुरेई ससाई मूळचे जपानचे, कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी देणगीतून उभं झालेलं, वर्ध्याला जपानी भिक्खू फुजी गुरुजींच्या पंथाचा विश्वशांती स्तूप. त्यात जी लेकरं डोरेमॉन न् शिनचॅन पाहत मोठी झाली तीच आता आईबाप होऊन राहिली. मग बारसं जवळ आलं की कोणीतरी विचारतेच, 'भाऊ, केंजी ठेवायचं म्हणतो, अर्थ काय होते?' नेटवर पाहा तं एका साइटवर 'बलवान दुसरा मुलगा', दुसरीवर 'शहाणा राज्यकर्ता', तिसरीवर 'नम्र', आणि माणूस अजूनच गोंधळते. खरं सांगू का, तिन्ही बरोबर असू शकतात, कारण नुसत्या 'केंजी' या उच्चाराला जपानीत ठरलेला अर्थच नाही. अर्थ राहते तो लिहिलेल्या अक्षरांत, म्हणजे कांजीत. म्हणून साइट्सच्या यादीवरून नाव फायनल करू नका, थोडी मेहनत घ्या, एका संध्याकाळचं काम आहे.

पहिले अक्षरं शोधा

जपानी माणसाला कोणी नाव सांगितलं की तो बरेचदा विचारतो, कोणत्या कांजीत लिहिता? त्याला उत्तरही ठरलेल्या पद्धतीनं देतात. 'केन्को नो केन, कानसूजी नो नी', म्हणजे 'तब्येत' या शब्दातला केन आणि आकड्यातला दोन. एवढं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यापुढे नाव उभं राहते.

तुम्हाला कांजी येत नसेल तरी हरकत नाही. फोनमध्ये जपानी कीबोर्ड टाका, केंजी टाइप करा, खाली पर्यायांची रांगच लागते, पाहूनच डोकं गरगरते. नाव एखाद्या खऱ्या माणसावरून सुचलं असेल तर आणखी सोपं, त्या माणसाचं जपानी विकिपीडियाचं पान उघडा, नाव कॉपी करा आणि एकेक अक्षर वेगळं करून डिक्शनरीत टाका. अख्खं नाव एकत्र टाकू नका, वेगळं करूनच टाका, नाहीतर पुन्हा तेच 'बलवान दुसरा मुलगा' येते.

आता केंजीचंच पाहू. 'केन' साठी तीन अक्षरं तुम्हाला हमखास भेटतील. एक आहे निरोगी, धडधाकट या अर्थाचं, त्याच्या डाव्या बाजूला माणसाची खूण आणि उजवीकडे 'उभारणे, बांधणे' हे अक्षर. दुसरं शहाणपणाचं, सोळा फटकाऱ्यांचं (म्हणजे कुंचल्याच्या सोळा रेघांचं), चांगलंच भरगच्च, त्याच्या तळाशी शिंपल्याचं चिन्ह आहे, जुन्या काळी शिंपले म्हणजे पैसा, मौल्यवान वस्तू. तिसरं नम्रतेचं. आता 'जी'. एक 'जी' म्हणजे सरळ दोनचा आकडा, दोन आडव्या रेघा, वरची आखूड, खालची लांब, हे तर लहान लेकरूही ओळखते. दुसऱ्या 'जी'ला डावीकडे पाण्याचे तीन थेंब आहेत, अर्थ राज्य चालवणे, ताळ्यावर आणणे, आणि आजार बरा करणे सुद्धा. शिवाय 'पुढचा, नंतरचा' या अर्थाचा एक जी आहे, कारभार पाहण्याचा एक आहे, आणि 'शी' म्हणजे निश्चय, तोही जोडून आला की जी होऊन जाते. आता तीन केन आणि पाच जी, जोड्या तुम्हीच लावा.

मग शेपूट पाहा

मुलांच्या पारंपरिक नावात शेवटचा भाग सगळ्यात जास्त बोलतो. तारो म्हणजे थोरला, जिरो दुसरा, साबुरो तिसरा, शिरो चौथा, गोरो पाचवा, असं करत करत दहाव्या जुरोपर्यंत गाडी जाते. यातला 'रो' म्हणजे मुलगा, तरुण. बाराव्या शतकातला गाजलेला योद्धा मिनामोतो नो योशित्सुने याला कुरो म्हणत, कारण तो बापाचा नववा मुलगा. आखूड नावांत हेच काम इची, जी, झो करतात, म्हणजे एक, दोन, तीन. त्यामुळे केनइची, केंजी, केन्झो ही तीन भावांची नावं एका घरात असली तर कोण मोठा ते विचारायची गरजच नाही.

खऱ्या माणसांवर लावून पाहा. १९८१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले फुकुई केनइची, तीन भावांत थोरले, नावात एक. त्यांचा केन नम्रतेचा बरं का. १९९४ चं साहित्याचं नोबेल मिळालेले ओए केन्झाबुरो, तिसरे चिरंजीव, नावात अख्खा साबुरो बसलेला. आणि कवी मियाझावा केंजी (१८९६-१९३३), हे तर घरातले थोरले, मग नावात दोन कसा? नाहीच आहे. त्यांचा केन शहाणपणाचा आणि जी पाण्याच्या थेंबांचा. उच्चारावरून ज्यांनी 'दुसरा मुलगा' ठरवलं असते ते इथे तोंडावर पडले असते.

आणखी एक फसवणारं नाव आहे, बेसबॉलवाला सुझुकी इचिरो. इचिरो म्हणजे पहिला मुलगा, असं कोणीही सांगेल, पण तो घरातला दुसरा! त्याला मोठा भाऊ आहे. त्याच्या नावातला 'एक' एकच आहे, पण 'रो' मुलगावाला नाही, प्रसन्न, उजळ या अर्थाचा आहे. म्हणजे नियम माहीत असावा आणि तो मोडल्या जातो हेही माहीत असावं.

दुसरं शेपूट आहे सरकारी हुद्द्याचं, आणि हे मला सगळ्यात आवडते. जुन्या राजदरबारी व्यवस्थेत प्रत्येक खात्यात चार पायऱ्यांचे अधिकारी राहत, त्यातल्या दुसऱ्या पायरीला, म्हणजे डेप्युटीला, 'सुके' म्हणत. राजवाड्याच्या दरवाजांवर पहारा देणाऱ्यांचं खातं होतं 'एमोन'. पुढे सामुरायांनी, म्हणजे योद्ध्यांनी, हे हुद्दे नावासारखे वापरायला सुरुवात केली, मग गावातल्या साध्या लोकांनीही घेतले, आणि हुद्दा जाऊन नुसतं नाव उरलं. आता शिनचॅनचं पूर्ण नाव आठवा, शिन्नोसुके. डोरेमॉनचा मूळ उच्चार दोराएमोन, त्यातला 'दोरा' उनाड मांजरातला आणि 'एमोन' हा त्या दरवाजाच्या पहारेकऱ्यांचा. कान नसलेल्या निळ्या मांजराला असं भारदस्त जुनं शेपूट लावलंय, जपानी लेकरांना ते ऐकूनच हसू येत असणार. तसाच डोरेमॉनमधला जियान, त्याचं खरं नाव ताकेशी, आणि ते लिहितात शौर्याच्या, युद्धाच्या अक्षरानं. गल्लीतल्या दादाला हे नाव फिट बसते.

नाव कोणत्या काळातलं आहे ते तपासा

इथे लोक हमखास चुकतात. अर्थ पाहतात, काळ पाहत नाहीत. केंजी, हिरोशी, कियोशी, मिनोरू, ताकेशी ही नावं जपानमध्ये आज ऐकली की आजोबा किंवा काका डोळ्यापुढे येतात. आपल्याकडे २०२५ मध्ये जन्मलेल्या पोराचं नाव मधुकर ठेवावं तसं. वाईट काहीच नाही, मला तर उलट आवडते, पण माहीत असलेलं बरं. नव्या पिढीत हारुतो, रेन, मिनातो असली नावं चालतात, त्यात आकडा नाही, हुद्दा नाही.

काळ नावात कसा घुसतो ते पाहा. जपानमध्ये नवा सम्राट आला की नवं युग सुरू होते आणि सालं त्यावरून मोजतात. २५ डिसेंबर १९२६ ला शोवा युग सुरू झालं. लगेच त्या 'शो'चं अक्षर पोरांच्या नावात यायला लागलं. १९२७ म्हणजे शोवा २, त्या वर्षी जन्मलेल्या कित्येकांचं नाव शोजी, पुढच्या वर्षीवाल्यांचं शोझो. म्हणजे इथे दोन आणि तीन हे भावांचे नंबर नाहीतच, ते साल आहे! मग लढाईच्या वर्षांत 'विजय' या अक्षराचं मासारू आणि 'धाडसा'चं इसामू जोरात होतं. आणि १९४५ च्या नंतर हवा बदलली. नावाचा अर्थ 'विजयी' एवढाच वाचून खूश होणारे जरा हेही पाहोत की तो विजय कोणत्या वर्षी मागितला होता.

त्याच्याही मागे गेलं तर माणसाचं एकच नाव राहतच नव्हतं. सामुराय घरात जन्माला आल्यावर एक बाळनाव, मग गेन्पुकु नावाचा मोठं झाल्याचा संस्कार झाला की नवं नाव. तोकुगावा इएयासु घ्या. लहानपणी ताकेचियो. मोठा झाल्यावर मोतोनोबु, त्यातला 'मोतो' त्याचा धनी इमागावा योशिमोतो याच्या नावातून मिळालेला, म्हणजे मेहेरबानी. पुढे मोतोयासु. मग १५६० मध्ये योशिमोतो लढाईत मारल्या गेला आणि १५६३ मध्ये या गड्यानं नावातून 'मोतो' काढून टाकला, झाला इएयासु. पत्र नाही, जाहीरनामा नाही, एक अक्षर काढलं आणि सगळ्यांना समजलं की आता हा कोणाचा नाही. पुढे त्याच्या घराण्यात त्याला धरून पंधरा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ते, झाले, त्यातल्या अकरांच्या नावात 'इए' आहे. म्हणून जपानी नाव वाचताना बापाचं, आजाचं नाव शेजारी ठेवून पाहायची सवय लावा, एक अक्षर कॉमन निघाले तर अर्थापेक्षा तेच महत्त्वाचं.

नागपूरकरांसाठी खास, बौद्ध धागा

आपल्याकडे जपानी नाव ठेवण्यामागे बरेचदा धम्माचं नातं राहते, तर त्या बाजूनंही शोधा. शहाणपणाचा जो केन सांगितला, तोच समंतभद्र बोधिसत्त्वाच्या जपानी नावात आहे. त्यांना तिकडे फुगेन म्हणतात, तिथे त्याचा उच्चार 'गेन' होते, पण अक्षर तेच, तळाशी शिंपलेवालं. केंजी ठेवायचंच असेल तर हा केन निवडा असं मी तरी सांगतो.

भिक्खूंच्या नावांचा आणखी वेगळा हिशोब आहे. सुरेई हे ससाई भंतेंचं भिक्खू झाल्यावरचं नाव, मूळ उच्चार शूरेई, 'उत्कृष्ट' आणि 'पर्वतशिखर' ही दोन अक्षरं. ज्यांना आपण फुजी गुरुजी म्हणतो, जे १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांचं नाव निचिदात्सु, यातला 'निचि' म्हणजे सूर्य. निचिरेन या जपानी भिक्खूंनी सुरू केलेल्या परंपरेतल्या भिक्खूंच्या नावात हा सूर्य वारंवार दिसते, कारण खुद्द निचिरेनच्या नावातच तो आहे.

आणि आता जे मला खरं सांगायचं होतं ते. 'र्‍यू' म्हणजे ड्रॅगन, सगळे हेच सांगतात. पण संस्कृत ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा 'नाग' या शब्दासाठी हेच ड्रॅगनचं अक्षर वापरल्या गेलं आणि तिथून ते जपानला गेलं. आचार्य नागार्जुनाला जपानीत र्‍यूजू म्हणतात, पहिलं अक्षर तेच. ससाई भंतेंचं भारतातलं नाव आर्य नागार्जुन, रामटेकजवळ नागार्जुन टेकडी, शहराचं नाव नागपूर, कामठीत ड्रॅगन पॅलेस, हे सगळं एका रेषेत लावून पाहा. म्हणून मला कोणी विचारलं की नागपूरच्या पोराला कोणतं पारंपरिक जपानी नाव शोभेल, तर केंजीच्या आधी मी र्‍यूनोसुके सांगतो. र्‍यू म्हणजे नाग, 'नो' म्हणजे चा, आणि सुके ते डेप्युटीचं शेपूट, त्याच्या अक्षराचा एक अर्थ मदत करणारा. लेखक अकुतागावा र्‍यूनोसुके १ मार्च १८९२ ला जन्मले, ड्रॅगनच्या वर्षी, आणि महिना, दिवस, वेळ सगळंच ड्रॅगनचं होतं असं सांगतात, म्हणून हे नाव. चिनी राशीचक्राप्रमाणे २०२४ हे ड्रॅगनचं वर्ष होतं, पुढचं २०३६. तेवढं थांबायची कोणाला गरज नाही म्हणा, अट थोडीच आहे.

अडचण एकच, आजीला र्‍यूनोसुके म्हणता येणार नाही. घरी र्‍यू म्हणा, झालं.

तिकडे नाव कसं ठेवतात

थोडक्यात सांगतो. जन्मानंतर सातव्या रात्री, ओशिचिया म्हणतात त्याला, घरचे जमतात आणि नाव जाहीर करतात. कुंचल्यानं शाईत मोठ्या अक्षरात उभं नाव लिहिलेला कागद, सोबत जन्मतारीख न् आईवडिलांचं नाव, तो भिंतीवर लावतात. जन्माची नोंद चौदा दिवसांत पालिकेत करावी लागते. अक्षरं मनाला येईल ती चालत नाहीत, सरकारनं मान्य केलेल्या जवळपास ३००० कांजींतूनच घ्यावी लागतात, किंवा मग हिरागाना-काताकाना या नुसत्या उच्चाराच्या लिपींत. १९९३ मध्ये टोकियोजवळच्या अकिशिमा शहरात एका बापानं पोराचं नाव 'आकुमा', म्हणजे सैतान, नोंदवायला नेलं, अक्षरं दोन्ही मान्य यादीतली होती, तरी देशभर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी बापानं माघार घेतली. आणि उच्चाराची गंमत तर अशी की कुटुंब नोंदवहीत नुसती अक्षरंच राहत, उच्चार लिहिल्याच जात नव्हता. मे २०२५ पासून तोही नोंदवणं बंधनकारक झालं, आणि अक्षराशी काहीच संबंध नसलेला उच्चार आता चालत नाही.

नावातल्या कांजींचे फटकारे मोजून शुभ-अशुभ काढणारेही तिकडे भरपूर आहेत. जग सगळीकडे सारखंच.

आता आपलं काम, उच्चार आणि कागदपत्रं

केंजीतला 'ज' जीवमधला, जगमधला नाही. 'जी' जपानीत ऱ्हस्व आहे, पण मराठीत शेवटचा दीर्घच लिहितो तर केंजी लिहा, कोणी काही म्हणत नाही. केनइची मात्र केनिची करू नका, तिथे न वेगळा आणि इ वेगळा उच्चारतात. शिनइचीचंही तसंच.

नाव पक्कं करण्याआधी ते इथल्या शाळेत मोठ्यानं हाक मारून पाहा, मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. काइतो नाव सुंदर आहे, पण नागपुरात त्याचं 'काय तो' होणार आणि मास्तरही हसणार. साबुरो म्हटलं की साबुदाणा. मासारूचा मसाला होते. केंजी या बाबतीत सेफ आहे, उलट केन-जी म्हणून लोकांना वाटते की आपण त्याला मान देऊन राहिलो.

पोरगं पुढे जपानला शिकायला वगैरे गेलं तर तिथे त्याचं नाव काताकाना लिपीत लिहिल्या जाईल, जी परदेशी नावांसाठी वापरतात आणि जिच्यात नुसता उच्चार राहते. म्हणजे कांजी तुम्हाला सरकारी कागदावर कुठेच लागणार नाही. तरी ठरवून ठेवा. जपानी माणूस विचारेलच, आणि पोराला सांगता आलं पाहिजे की माझा केन शहाणपणाचा. बारशाला त्या ओशिचियासारखा कागद करून पाळण्याच्या वर लावा, उभी कांजी मोठी आणि बाजूला देवनागरीत नाव. ज्याला कांजी लिहिता येते त्याच्याकडून लिहून घ्या, फॉन्ट पाहून स्वतः काढायला जाऊ नका, फटकाऱ्यांचा क्रम चुकला की जाणकाराला लगेच दिसते. आत्यानं कानात कुर्र करायचं ते करायचंच, त्यात काही बदल नाही.

जन्माची नोंद आपल्याकडे २१ दिवसांत करायची राहते, पण नाव तेव्हाच दिलं पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद होते आणि मग बारा महिन्यांपर्यंत फी न भरता नाव टाकता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून घाई करू नका, अक्षरं, शेपूट, काळ सगळं पाहून मगच महानगरपालिकेच्या झोन ऑफिसला जा. जाताना नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही स्वच्छ लिहून न्या, तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलं की केंजीचं 'केनजी', 'कंजी', काहीही होऊ शकते. इंग्रजीत के, ई, एन, जे, आय, एवढंच. शेवटी डबल ई नको, आणि अंकशास्त्रवाल्यानं मधे एखादा जास्तीचा एच सुचवला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा, कारण पासपोर्ट, आधार, शाळेचा दाखला सगळीकडे मग तोच एच घेऊन फिरावं लागते.